बचत गटाचं पहिलं बँक कर्ज: कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे अडकायला होतं

नाशिक जिल्ह्यात बचत गट गावोगावी आहेत आणि बँकाही आता पहिल्यासारखं दारातून परत पाठवत नाहीत. तरी कर्ज घेऊन वर्ष झालं की कितीतरी जणी हप्ता भरतात तो मजुरीतूनच. कर्जावर उभं राहायला हवं होतं ते काम एकतर सुरूच झालेलं नसतं नाहीतर मध्येच बंद पडलेलं असतं. गटांच्या वह्या बघताना मला एकच गोष्ट परत परत दिसते, क्रम उलटा झालेला असतो. पहिला प्रश्न असतो "ताई, बँक किती देणार?", मग आलेली रक्कम सगळ्यांत सारखी वाटली जाते आणि मग जी ती घरी जाऊन विचार करते की याचं काय करायचं.

खरा क्रम असा आहे. काम कोणतं आणि त्याचा पैसा हातात कधी येणार हे आधी, त्यावरून हप्ता किती झेपेल ते, त्यावरून रक्कम, आणि बँक सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिलेत, मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: गट जमवताना

गटात १० ते २० जणी लागतात. आदिवासी आणि दुर्गम भागात ५ जणींचाही गट चालतो, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या लहान पाड्यांवर आकडा भरायला लांबच्या पाड्यावरची बाई ओढून आणायची गरज नसते. गट एकाच पाड्यावरचा असावा, संध्याकाळी पायी बैठकीला येता येईल इतपत जवळचा.

जमवताना तीन गोष्टी मोकळेपणाने विचारून घ्या, नंतर विचारलं की भांडण होतं. एक, कुणावर दुसरं कर्ज आहे का, बँकेचं, मायक्रोफायनान्सचं किंवा सावकाराचं. दोन, एकाच घरातल्या किती जणी येतायत, कारण सासू, दोन सुना आणि नणंद एकाच गटात असल्या तर त्या घरावर संकट आलं की चार हप्ते एकदम थांबतात. तीन, दिवाळीनंतर कामाला बाहेर कोण जातं.

हा तिसरा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. सुरगाणा, पेठ भागातून कितीतरी घरं दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात आणि काही महिने तिकडेच राहतात, मग गट मोडतो, बचत थांबते आणि वहीत तेवढा खड्डा पडतो. आधीच ठरवून ठेवा की त्या काळात बैठक कुठे होणार. अर्ध्या जणी एकाच बाजूला जात असतील तर महिन्यातून एकदा तिथेच बसता येतं, बाकीच्यांनी बचत गटाच्या खात्यावर पाठवायची आणि सचिवाने वहीत तसं लिहायचं.

सावध: ज्या बाईवर आधीच दोन मायक्रोफायनान्सचे हप्ते चालू आहेत तिला गटातून काढू नका पण बँक कर्जात लगेच धरूही नका. तिला गटाच्या बचतीतलं स्वस्त कर्ज देऊन आधी तो महागडा बोजा उतरवू द्या.

टप्पा २: सहा महिने वही आणि पेटी

बँक गटाची पंचसूत्री बघते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या बचतीतून गटातल्याच बाईला दिलेलं), त्याची परतफेड आणि हिशोब लेखन. पहिल्या कर्जासाठी गट निदान सहा महिने नीट चाललेला लागतो. हे सहा महिने गटाच्या वहीवरून मोजायचे असतात, बँकेत खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही, रिझर्व्ह बँकेचं तसं स्पष्ट सांगणं आहे. खातं उशिरा उघडलं म्हणून कुणी "अजून सहा महिने थांबा" म्हटलं तर वही पुढे करा आणि शांतपणे हे सांगा.

पण वही खरी हवी. बँकेचे साहेब येणार म्हटल्यावर आदल्या रात्री बसून सहा महिन्यांच्या बैठका लिहून काढल्या तर ते लपत नाही. सगळी पानं एकाच पेनाची, सह्या एका ओळीत एकसारख्या, आणि जी बाई फेब्रुवारीत बाळंतपणाला माहेरी होती तिचीही हजेरी लागलेली. वही चाळणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळतं आणि मग गटातल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा एक बैठक चुकली असेल तर "पावसामुळे झाली नाही" असं लिहिलेलं पान कितीतरी चांगलं.

अंतर्गत कर्ज याच काळात सुरू करा. बरेच गट पैसे खात्यात साठवत बसतात, त्यांना वाटतं शिल्लक मोठी दिसली की बँक खूश होईल. उलट असतं, पैसा गटात फिरला पाहिजे. कुणी हजार घेतले औषधाला, कुणी दोन हजार घेतले खताला, वेळेवर परत केले, त्यावरचं व्याज गटात जमा झालं, हेच बँकेला बघायचं असतं. शिवाय कोण वेळेवर देते आणि कोणाच्या दारात तीनदा जावं लागतं हे तुमचं तुम्हालाही लाखाचं कर्ज डोक्यावर यायच्या आत कळतं.

तपासा: प्रत्येक बाईला स्वतःची बचत किती आणि कर्ज बाकी किती हे वही न बघता सांगता येतंय का? नसेल तर हिशोब फक्त सचिवाच्या डोक्यात आहे. दर बैठकीत आकडे मोठ्याने वाचायची सवय लावा.

टप्पा ३: खातं आणि कागद

गटाचा ठराव, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्ष यांचे आधार, फोटो, आणि सह्यांचे अधिकार कोणाला ते. बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, सगळ्या जणींची मागायची गरज नाही. सगळ्यांची केवायसी कर्जाच्या वेळी होऊ शकते.

इथे अडकतं ते नावात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. कर्जाच्या आठवड्यात हे दुरुस्त करायला निघालात तर एका बाईसाठी अख्खा गट थांबतो. म्हणून गट सुरू झाला की पहिल्या महिन्यातच सगळ्यांची आधार आणि पासबुकं एका चटईवर मांडा, नाव आणि मोबाईल नंबर जुळवा आणि जिचं जुळत नाही तिला लगेच आधार केंद्रावर पाठवा. प्रत्येकीचं स्वतःचं बँक खातंही आत्ताच तपासा, कुणाचं वापर नसल्यामुळे बंद पडलेलं असतं. हे पुढे सातव्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ४: काम निवडायचं आणि पैसा कधी येणार ते लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान दोन बैठका. प्रत्येक बाईने एक पान करायचं, लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायचं. त्यावर एवढंच: काय करणार, सामान कुठून, विकणार कोणाला (गावाचं किंवा दुकानाचं नाव घालून), पहिला पैसा कोणत्या महिन्यात, आणि काय बिघडू शकतं.

शेळीचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त कर्ज त्यासाठीच मागितलं जातं. शेळी साधारण पाच महिने गाभण राहते. तुम्ही तीन महिन्यांची गाभण शेळी आणली तर दोन महिन्यांनी करडं होतील, आणि ती विकण्याजोगी व्हायला आणखी सहा ते आठ महिने. म्हणजे पहिला पैसा आठ-दहा महिन्यांनी आणि बँकेचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून. मधले आठ-दहा हप्ते कुठून जाणार? ते जातात मजुरीतून, आणि मजुरी नसली की बाई करडं वाढायच्या आत कमी भावात विकून टाकते किंवा शेळीच विकते. मग लोक म्हणतात शेळीपालनात काही उरत नाही. शेळी ठीक असते, हप्ता आणि करडाचं वय जुळलेलं नसतं.

याला उपाय आहेत. चारऐवजी दोन शेळ्या घ्या, त्यातली एक करडांसकट. पहिल्या वर्षाचे हप्ते कोणत्या मजुरीतून जाणार ते नाव घालून लिहा, उदाहरणार्थ ऑक्टोबर छाटणीची मजुरी. आणि बँकेत तिमाही हप्ता मागा, पहिल्या कर्जाला मासिक किंवा तिमाही दोन्ही चालतं पण आपण विचारतच नाही.

खरेदी ऐन पावसात करू नका. बाजारातून भिजत आणलेली, जागा आणि चारा बदललेली शेळी आजारी पडते आणि आधीच्या घरच्या शेळ्यांनाही आजार लावते. पावसाच्या आधी पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या आजारांची लस आणि जंताचं औषध करून घ्या, गावात पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं शिकलेली गावातली बाई) असेल तर तिला धरा. नवी शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला सांभाळा, आणि शेळी मेली तर पुरायच्या आधी बिल्ल्यासकट फोटो आणि डॉक्टरचा दाखला, नाहीतर विमा मिळत नाही.

नागलीच्या पापडाचं गणित वेगळं आहे. पेठ-सुरगाण्यात नागली दिवाळीच्या सुमारास निघायला लागते तेव्हा भाव कमी असतो, पापड वाळतात ते फेब्रुवारी ते मेच्या उन्हात आणि पाऊस लागला की काम बंद. म्हणजे पैसा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हातात हवा. तोच पैसा जूनमध्ये आला तर तो घरातच जिरतो. यासाठी अर्जच गणेशोत्सवाच्या आसपास द्यावा लागेल, आणि पॅकिंग करून विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी (खाद्यपदार्थ विकायची सरकारी नोंदणी) त्याच्या आधी.

शिलाईला जूनचे युनिफॉर्म आणि दिवाळी, मधले महिने फॉल-पिको आणि अल्टरवर. येवल्याकडे पैठणीसाठी रेशमाचा पैसा आधी अडकतो आणि साडी हातमागावरून उतरून विकली जाईपर्यंत थांबावं लागतं, तिथेही हप्त्याचं हेच बघा.

किराणा दुकानाबद्दल स्पष्ट सांगते, पाड्यावर दुकान उधारीने मरतं. माल पंधरा हजारांचा भरला, दोन महिन्यांत वहीत नऊ हजारांची उधारी, आणि सगळी नात्यातली. उधारीची वरची मर्यादा आधी ठरवता येत नसेल तर दुकान नको.

आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीवर नजर ठेवून कुणी त्र्यंबक किंवा नाशिकमध्ये स्टॉल टाकायचा विचार करत असेल तर जरूर करा, पण तीन वर्षांचं कर्ज तेवढ्यासाठी घेऊ नका. गर्दी उतरली तरी हप्ते चालूच राहतात.

तपासा: "विकणार कोणाला" समोर "बाजारात" एवढंच लिहिलंय का? मग ते पान परत करायचं. आधी थोडा माल विकून बघायचा, मग कर्ज.

टप्पा ५: सूक्ष्म पत आराखडा, आणि समान वाटप सोडा

सगळी पानं एकत्र केली की गटाचा सूक्ष्म पत आराखडा तयार होतो. सीआरपी ताई (गटांना मार्गदर्शन करणारी गावातली ताई) किंवा बँक सखी (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी) मदत करतात पण आकडे तुमचे असू द्या, दुसऱ्या गटाचा आराखडा नाव बदलून देऊ नका.

आता वाटपाचं. समजा ११ जणी आहेत आणि दीड लाख मंजूर झाले. सारखे वाटले तर प्रत्येकीला १३,६३६ रुपये. एवढ्यात ना दोन चांगल्या शेळ्या येतात, ना शिलाईचं दुकान उभं राहतं, ना नागलीचा साठा होतो. पैसा मुलाच्या फीला, छपराच्या पत्र्याला, पाहुण्यांच्या लग्नाला जातो आणि हप्ता राहतो. त्याऐवजी ज्या पाच जणींचं पान पक्कं आहे त्यांना त्यांच्या कामाला लागतात तेवढे द्या, २५ हजार, ३५ हजार. बाकीच्यांच्या लहान गरजा गटाच्या बचतीतून भागवा आणि पुढच्या वेळी आधी त्यांचा नंबर, हे ठरावात नावानिशी लिहा.

यावर भांडण होतं हे मला माहितीये. "कर्जाची जबाबदारी सगळ्यांची मग पैसे पाचच जणींना का?" हा प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच सगळी पानं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि कोणाला किती ते बैठकीत ठरवायचं, अध्यक्षांच्या घरी नाही. न घेणाऱ्या बायकांना दर महिन्याला घेणाऱ्यांचं काम जाऊन बघण्याचा हक्क आहे, शेळ्या गोठ्यात आहेत का, मशीन चालू आहे का. हेही ठरावातच घाला.

टप्पा ६: बँकेत जाताना

उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांसाठीचे जे नियम आहेत ते पाठ असू द्या:

- पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहा पट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त ते. निधीत बचत, जमा व्याज, फिरता निधी (अभियानाकडून गटाला मिळालेला) सगळं धरायचं.
- १० लाखांपर्यंत तारण नाही. गटाच्या बचत खात्यावर बोजा लावायचा नाही, म्हणजे त्यातले पैसे अडकवून ठेवायचे नाहीत, "आधी एफडी ठेवा" असंही नाही.
- ३ लाखांपर्यंत व्याज वर्षाला ७ टक्के.
- पहिल्या कर्जाची परतफेड २४ ते ३६ महिन्यांत.

दीड लाखाला ७ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता साधारण ४,६३० रुपये बसतो आणि २४ महिन्यांचा ६,७२० च्या आसपास. बऱ्याच जणी "लवकर फिटू दे" म्हणून २४ घेतात. पहिल्या वेळी ३६ घ्या, पैसा आला तर जास्त भरता येतो.

सही करायच्या आधी चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: हप्त्याची तारीख, रक्कम, किती महिने, आणि कर्जातून काही कापणार का. कसला विमा किंवा पॉलिसी जोडली असेल तर ती ऐच्छिक आहे का ते तोंडावर विचारा. आणि कर्ज मंजूर करून देतो म्हणून गटाकडून दर डोई पाचशे मागणारा कुणीही असो, गावातला असो नाहीतर नात्यातला, त्याला एक रुपया द्यायचा नाही.

टप्पा ७: पैसे आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

रक्कम गटाच्या खात्यातून थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही, आणि रोख तर नाहीच. खरेदीला दोघी-तिघी मिळून जा, पावती घ्या, शेळीची पावती मिळत नसेल तर विकणाऱ्याचं नाव आणि रक्कम लिहून त्याची सही घ्या. खरेदी पंधरा दिवसांच्या आत व्हायला हवी. पैसा खात्यात नुसता पडला की घरातल्या सगळ्यांना त्याची गरज आठवते, त्यात पेरणी तोंडावर असली तर बियाणं-खतात जाणारच. शेतीलाच पैसा लागत असेल तर तसं आराखड्यातच लिहा, त्यात गैर काही नाही, फक्त मग हप्ता पीक निघाल्यावरचा हवा.

सगळेच पैसे वस्तूत घालू नका. मशीन घेतली की दोरा, अस्तर, सुया लागतात, शेळी आणली की पेंड आणि औषध लागतं. चौथा हिस्सा तरी त्यासाठी बाजूला.

टप्पा ८: हप्ता आणि अडचण

बँकेची तारीख १० असेल तर गटाची ५. विक्रीचे पैसे घरखर्चाच्या डब्यात टाकायचे नाहीत, वेगळी पिशवी करा, त्यातून आधी हप्ता, मग पुढचा माल, मग घरात.

कुणाचा हप्ता चुकला तर पहिल्याच महिन्यात बोला. आजारपण, बाळंतपण, शेळी मेली अशी खरी अडचण असेल तर गटाच्या बचतीतून तिचे एक-दोन हप्ते भरून ते तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहा. सगळ्याच गटावर संकट आलं, गारपीट झाली, रोग आला, तर हप्ता थकायची वाट न बघता ठराव घेऊन बँकेत जा आणि मुदत वाढवून मागा. थकल्यावर गेलात तर बोलणं अवघड होतं.

सावध: बँकेचा हप्ता भरायला मायक्रोफायनान्सचं कर्ज काढायचं नाही. तिथे व्याज कसं सांगतात ते बघा. ३० हजारांवर "फक्त १२ टक्के" सरळ व्याजाने दोन वर्षं म्हणजे व्याज ७,२०० आणि हप्ता १,५५०. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता आणि व्याज पूर्ण ३० हजारांवर देत असता, घटत्या शिलकीवर मोजलं तर तेच व्याज वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातं. कंपनीने वार्षिक व्याजाचा खरा दर लिहिलेला तक्ता तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायलाच हवा, तो मागा. आधीच असं कर्ज असेल तर एवढं लक्षात ठेवा: सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कुणी येऊ शकत नाही, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

टप्पा ९: दुसऱ्या कर्जाआधी

दुसरं कर्ज निधीच्या आठ पट किंवा किमान ३ लाख. पहिलं फिटत आलं की बँकच विचारते, तेव्हा लगेच हो म्हणू नका. पहिल्या वेळची पानं काढा आणि प्रत्येकीच्या पानासमोर आज काय उभं आहे ते जाऊन बघून लिहा: किती शेळ्या, मशीन चालू की बंद, उधारी किती, शेवटचे तीन हप्ते कामातून गेले की मजुरीतून. जिचे कामातून गेले तिला वाढवून द्या. जिचे मजुरीतून गेले तिला मोठं कर्ज देऊ नका, तिच्यासोबत चौथ्या टप्प्याचं पान परत बसून करा, आणि पहिल्या वेळी थांबलेल्या सहा जणींची नावं ठरावात आहेत, त्यांची पानं आधी वाचा.